सरोवर किती मोठं, हे नकाशा सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पुस्तकात जगातलं सर्वात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर म्हणून उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियरचं नाव आहे, दुसऱ्यात सायबेरियातल्या बैकालचं, आणि कुणी ठामपणे सुपीरियरच्याच शेजारचं मिशिगन-ह्युरॉन सांगतं. यातलं खरं कोणतं? आणि एवढाली सरोवरं म्हणजे बिनमिठाचे समुद्रच नव्हेत का?

पहिला भाग लगेच उरकता येतो. क्षेत्रफळ धरलं तर सुपीरियर, सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर. पाण्याचा साठा किंवा खोली धरली तर बैकाल, सुमारे २३,६०० घन किलोमीटर पाणी आणि १,६४२ मीटर खोली. मिशिगन आणि ह्युरॉन ही नावं दोन असली तरी मध्ये मॅकिनॉची सुमारे आठ किलोमीटर रुंद सामुद्रधुनी आहे. दोन्हींची पातळी एकच राहते आणि वारा व हवेचा दाब बदलेल तसं पाणी कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे वाहतं. जलविज्ञानाच्या हिशेबाने ते एकच सरोवर, आणि मग त्याचं क्षेत्रफळ १,१७,००० चौरस किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचं माप वेगळं. परीक्षेसाठी विचारत असाल तर सुपीरियर लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. कॅस्पियन या सगळ्यांहून कितीतरी मोठा, पण त्याचं पाणी खारं आहे, समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून तो या यादीत बसत नाही.

पण सरोवरांवर काम करणारा माणूस क्षेत्रफळ सगळ्यात शेवटी विचारतो. सरासरी खोली किती, पाणी वरपासून तळापर्यंत कधी ढवळतं, आणि आत आलेलं पाणी बाहेर पडायला किती वर्षं घेतं, हे आधी. या तिन्हींची उत्तरं मिळाली की त्या सरोवरात मासे कसे असतील, शेवाळ येईल का, घाण गेली तर किती काळ राहील, हे बऱ्यापैकी सांगता येतं. नुसत्या क्षेत्रफळावरून यातलं काहीच सांगता येत नाही. क्षेत्रफळ हा आकडाही फारसा पक्का नसतो. कंबोडियातलं टोनले साप कोरड्या दिवसांत अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असतं. पावसाळ्यात मेकाँग फुगली की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी फिरते आणि तेच सरोवर पंधरा हजारांपर्यंत पसरतं. यादीत त्याचा कोणता आकडा घालायचा?

व्हिक्टोरिया आणि टांगानिका घ्या. दोन्ही पूर्व आफ्रिकेत, नकाशावर अगदी शेजारी. व्हिक्टोरियाचं क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, टांगानिकाचं ३२,९००, म्हणजे निम्म्याहून कमी. पण व्हिक्टोरियाची सरासरी खोली अवघी चाळीस मीटर, परातीत पाणी ओतून ठेवावं तशी. टांगानिकाची सरासरी ५७० मीटर आणि सर्वात खोल जागा १,४७० मीटर. त्यामुळे टांगानिकात व्हिक्टोरियाच्या सुमारे सातपट पाणी आहे. सुपीरियर आणि त्याच सरोवरसमूहातल्या ईरीचंही असंच: क्षेत्रफळात फरक तिपटीचा, पाण्यात पंचवीसपटीचा.

हा फरक येतो जन्मातून. टांगानिका, मलावी आणि बैकाल ही खचदरीतली सरोवरं. तिथे जमिनीचं कवच ताणलं जाऊन मधला पट्टा खाली बसत गेला. अशी सरोवरं लांबट, अरुंद, कडेला एकदम खोल होणारी आणि फार जुनी असतात. बैकालचं वय अडीच ते तीन कोटी वर्षं मानतात. त्याच्या तळाशी काही ठिकाणी सात किलोमीटर जाडीचा गाळ साचला आहे, तरी ते बुजलं नाही, कारण दरी अजून रुंदावते आहे, खचते आहे. एरवी सरोवर ही भूगर्भाच्या हिशेबाने अल्पायुषी गोष्ट. नद्या गाळ आणतात आणि काही हजार वर्षांत भरून टाकतात.

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन आणि ईरी ज्यांत येतात ती उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं हिमनद्यांनी कोरलेली आहेत आणि त्यांचं आजचं रूप जेमतेम दहा-चौदा हजार वर्षांचं. (सुपीरियरखाली सुमारे एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीची एक अर्धवट राहिलेली खचदरी आहे. बर्फाने तीच खरवडून खोल केली.) बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन अजून वर उचलली जाते आहे, उत्तरेकडे जास्त, दक्षिणेकडे कमी. त्यामुळे सुपीरियर अक्षरशः कलतं आहे: ईशान्येचा किनारा पाण्यातून वर येतो आणि नैर्ऋत्येला पाणी जमिनीवर चढतं. व्हिक्टोरिया या दोन्ही जातींतलं नाही. ते खचदरीच्या दोन फाट्यांच्या मधल्या उथळ खळग्यात साचलेलं आहे आणि सुमारे सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वी ते पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण आटलं होतं. आज तिथे सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. त्यातल्या बहुतेक एवढ्या कमी काळात कशा उपजल्या, यावर जीवशास्त्रज्ञ अजून भांडत असतात.

आता ढवळणीकडे येतो. माझ्या मते सरोवराचा स्वभाव इथेच ठरतो.

पाणी सुमारे चार अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं. त्याहून गरम झालं तरी हलकं होतं, थंड झालं तरी हलकं. उन्हाळ्यात थंड प्रदेशातल्या खोल सरोवरात होडी थांबवून तापमापकाची तार खाली सोडायला लागा. पहिले दहा-पंधरा मीटर आकडा जवळपास हलत नाही, समजा अठरा अंश. मग पाच-सात मीटरच्या पट्ट्यात तो झपाट्याने घसरतो: पंधरा, अकरा, सात. त्याच्या खाली तळापर्यंत चार-पाच अंशांवर बसतो. मधला घसरणीचा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, पण वरचं पाणी खाली जात नाही आणि खालचं वर येत नाही. हवेतला प्राणवायू वरच्या थरात अडकतो आणि तळाशी कुजणाऱ्या गाळातली पोषकद्रव्यं खालच्या थरात. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होत होत खालच्याइतकं जड झालं की हा पडदा फाटतो आणि वारा सगळं सरोवर तळापर्यंत घुसळून काढतो. हिवाळ्यात वर शून्याजवळचं हलकं पाणी तरंगतं, वसंतात पुन्हा एकदा घुसळण. सुपीरियर असं वर्षातून दोनदा श्वास घेतं.

इथे खोलीचा संबंध पाहा. ईरीच्या मधल्या भागाची खोली जेमतेम पंचवीस मीटर. उन्हाळ्यात वरचा गरम थर पंधरा-सतरा मीटरांचा झाला की खाली थंड पाण्याची पातळ पट्टीच उरते. वरून मरून पडणारं शेवाळ तिथे कुजतं, तेवढ्या पट्टीतला प्राणवायू उन्हाळा संपेपर्यंत खलास होतो आणि तळाचे जीव गुदमरतात. सुपीरियरमध्ये खालचा थर शंभर मीटरहून जाड असतो, तिथे साठाच एवढा की तो संपत नाही. ईरी घाणेरडं आणि सुपीरियर स्वच्छ असं सरसकट म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. ईरीच्या वाट्याला शेती आणि शहरं जास्त आली हे खरं, पण तेवढीच घाण सुपीरियरच्या पोटात कितीतरी उशिरा दिसली असती.

उष्ण प्रदेशात हिवाळाच नसल्यामुळे गणित बदलतं. टांगानिकात वर पंचवीस-सव्वीस अंश आणि तळाला सुमारे साडेतेवीस. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल. पण गरम पाण्यात एका अंशाने घनतेत पडणारा फरक थंड पाण्यातल्यापेक्षा खूप मोठा असतो. चोवीसवरून पंचवीसवर जाताना घनता जेवढी घटते ती चारवरून पाचवर जातानाच्या सुमारे तीसपट. त्यामुळे टांगानिकाचं खालचं पाणी वर येतच नाही. शंभर-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही, म्हणजे सरोवराच्या बहुतांश पाण्यात मासा जगू शकत नाही. तिथून बाटलीत भरून आणलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मे ते सप्टेंबरमध्ये आग्नेय वारे वरचं पाणी उत्तरेकडे ढकलतात तेव्हा दक्षिण टोकाला थोडं खालचं, पोषक पाणी वर येतं आणि तिथली मासेमारी त्यावर चालते. हवामान तापलं की वरचा थर आणखी हलका होतो आणि ही वर येण्याची वाट आखडते. थंड देशांतल्या सरोवरांपेक्षा मला या उष्ण सरोवरांची काळजी जास्त वाटते ती यामुळे.

मग बैकाल? टांगानिकाहून खोल, तरी तळापर्यंत प्राणवायू आणि तळापर्यंत जिवंत प्राणी. यामागचं कारण फार सुंदर आहे आणि पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. पाणी चार अंशांना सर्वात जड असतं हे पृष्ठभागावर खरं. दाब वाढला की ते तापमान खाली सरकतं, दर शंभर मीटरला साधारण ०.२ अंशाने. बैकालच्या खोल भागाचं तापमान सव्वातीन-साडेतीन अंशांच्या घरात असतं. डिसेंबर-जानेवारीत बर्फ धरण्याआधी आणि मे-जूनमध्ये ते वितळल्यावर पृष्ठभागाचं पाणी त्याहून थंड असतं. तिथे ते हलकं, म्हणून तरंगतं. पण जोरदार वाऱ्याने ते किनाऱ्यालगत दोन-तीनशे मीटर खाली रेटलं गेलं, तर त्या दाबाखाली तेच थंड पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड ठरतं आणि मग कुणी न ढकलता स्वतःच तळाकडे बुडत जातं. जाताना प्राणवायू सोबत नेतं. गोलोम्यांका हा अर्धपारदर्शक, तेलाने भरलेला मासा बैकालच्या सगळ्या खोलीत सापडतो तो यामुळे. नेर्पा सील त्याच माशावर जगतो. फक्त गोड्या पाण्यात राहणारी सीलची ही एकमेव जात.

न ढवळण्याची धोकादायक बाजू किवू सरोवरात दिसते. काँगो आणि रवांडाच्या सीमेवरचं हे सरोवर क्षेत्रफळाने व्हिक्टोरिया-टांगानिकाएवढं मोठं नाही, पण त्याच्या खोल पाण्यात सुमारे ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किलोमीटर मिथेन विरघळून अडकलेला आहे. कॅमेरूनमधल्या न्योस या छोट्याशा सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असाच साठलेला वायू एकदम बाहेर पडला आणि सतराशेहून जास्त माणसं गुदमरून मेली. किवूतला मिथेन आता नळ्यांनी वर काढून त्यावर वीज तयार केली जाते. त्यात धोकाही थोडा कमी होतो.

पाणी गोडं का राहतं, याला बहुतेक ठिकाणी उत्तर सोपं: सरोवराला बाहेर वाट आहे. बैकालमध्ये तीनशेहून जास्त नद्या येतात आणि एकटी अंगारा बाहेर जाते. तेवढी एक पुरते. लिटरमागे क्षार साधारण ०.१ ग्रॅम, समुद्रात ३५. वाट बंद असली की पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. दक्षिण अमेरिकेतल्या तितिकाकाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी वाफ होऊन जातं, म्हणून ते लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, गोडं म्हणावं की मचूळ अशा सीमेवर आहे. अपवाद आहे आफ्रिकेतल्या चाड सरोवराचा. त्याला वर दिसणारी वाट नाही, भोवती कोरडा प्रदेश आहे, तरी पाणी बरंचसं गोडं. तिथे खारं होत जाणारं पाणी तळातून भूजलात झिरपतं आणि क्षार सोबत घेऊन जातं. वाट असते, फक्त जमिनीखालून.

समुद्र म्हणायचं का, यावर माझं मत नाही असं आहे, जरी किनाऱ्यावर उभं राहून फरक कळत नसला तरी. भरती-ओहोटी पंचमहासरोवरांतही पाच सेंटीमीटरच्या आतच असते. पाणी चढता-उतरताना दिसतं ते वाऱ्याने. ईरी लांबट, उथळ आणि वाऱ्याच्या दिशेला पडलेलं आहे. नैर्ऋत्येचं वादळ आलं की पश्चिम टोकाच्या टोलिडो शहराकडचं पाणी ओसरून पूर्व टोकाच्या बफेलोकडे चढतं आणि दोन टोकांच्या पातळीत अडीच-तीन मीटरचा, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. वारा थांबला की पाणी परत फिरतं, पुन्हा उलटं, असं काही फेऱ्या हेलकावत राहतं. याला सेश म्हणतात. असाच हेलकावा पृष्ठभागाखालच्या थर्मोक्लाइनलाही बसतो आणि तो दहा-दहा मीटरचा असू शकतो. वर काहीही न दिसता पिण्याच्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी एका रात्रीत गरम पाण्याच्या जागी थंड, प्राणवायू नसलेलं पाणी येतं ते त्यामुळे.

लाटाही समुद्रापेक्षा वेगळ्या. वाऱ्याला धावायला अंतर कमी, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियरवर एडमंड फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांब मालवाहू जहाज अशाच वादळात २९ जणांसह बुडालं. मोठी सरोवरं स्वतःचं हवामानही बनवतात. शरदात गरम पाण्यावरून थंड वारा गेला की तो बाष्प उचलतो आणि पलीकडच्या किनाऱ्यावर बर्फ टाकतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या वस्त्या दीड मीटरहून जास्त बर्फाखाली गेल्या, आणि काही किलोमीटर उत्तरेला काही सेंटीमीटरच पडला. व्हिक्टोरियावर रात्री उठणारी वादळं हीच गोष्ट उष्ण प्रदेशात करतात, आणि तिथे लहान होड्यांतल्या मासेमारांना त्याची किंमत मोजावी लागते.

आत आलेलं पाणी बाहेर पडायला सुपीरियरमध्ये सरासरी १९१ वर्षं लागतात, ईरीत २.६. हे आकडे प्रदूषणाच्या चर्चेत आधी यायला हवेत. १९६० च्या दशकात वर्तमानपत्रांनी ईरी मेलं असं जाहीर केलं होतं. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर साबण आणि सांडपाण्यातला, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस कमी केला आणि दहा-पंधरा वर्षांत सरोवर सावरलं, कारण पाणी लवकर बदलतं. पण तेवढ्याच लवकर ते बिघडतंही. शेतांतून विरघळलेला फॉस्फरस वाढत गेला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात उतरलं. टोलिडो परिसरातल्या चार लाखांहून जास्त लोकांना तीनेक दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, उलट उकळल्याने विष आणखी दाट होतं. सुपीरियरमध्ये असं सहज घडणार नाही, पण एकदा काही टिकाऊ रसायन तिथे गेलं तर ते आपल्या पतवंडांनाही भेटेल.

पारदर्शकता ही स्वच्छतेची खूण मानण्याची सवयही सोडलेली बरी. आम्ही सेक्की चकती वापरतो. वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची चकती दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. बैकालमध्ये ती चाळीस मीटरपर्यंत दिसल्याच्या नोंदी आहेत. मिशिगनचं पाणी गेल्या काही दशकांत फार नितळ झालं, आणि लोक खूश आहेत. पण ते नितळ झालं क्वागा शिंपल्यांमुळे. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजाच्या पोटात भरलेल्या पाण्यातून आलेल्या या शिंपल्यांनी तळ व्यापला आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खाल्लं. त्या प्लवकावर जगणारे बारके जीव घटले, मग त्यांच्यावर जगणारे मासे.

एक आकडा तर जवळपास सगळीकडे चुकीचा छापला जातो. बैकालमध्ये जगातलं वीस टक्के गोडं पाणी आहे, असं लिहितात. ते वीस टक्के पृष्ठभागावरच्या, न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी. पंचमहासरोवरांचा वाटाही साधारण तेवढाच. एकूण गोड्या पाण्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात आहे, उरलेलं बहुतेक भूगर्भात, आणि जगातल्या सगळ्या सरोवरांचा मिळून वाटा एक टक्काही होत नाही. पंचमहासरोवरांतलंही दरवर्षी पाऊस-नद्यांनी नव्याने भरतं ते साधारण एकच टक्का. बाकीचं हिमयुगाची ठेव आहे. अमेरिकेतल्या किनारी राज्यांच्या २००८ च्या करारानुसार या सरोवरांचं पाणी पाणलोट क्षेत्राबाहेर नेण्यावर, थोडे अपवाद सोडता, बंदी आली ती याच हिशेबाने.

पातळी खाली गेली म्हणजे सरोवर आटतंय का, हे लोक नेहमी विचारतात. चाडच्या बाबतीत होय: १९६० च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटर असलेलं ते सरोवर वीसेक वर्षांच्या दुष्काळाने दहाव्या हिश्श्यावर आलं, कारण ते मुळातच काही मीटर खोल. नंतर ते थोडंफार सावरलं, पण पुन्हा तेवढं पसरलं नाही. मोठ्या, खोल सरोवरांत मात्र चढ-उतार दोन्ही बाजूंनी होतो. व्हिक्टोरियाला मिळणारं बहुतेक पाणी थेट वर पडणाऱ्या पावसाचं. १९६१ पासूनच्या दोन-तीन ओल्या वर्षांत त्याची पातळी दोन मीटरहून जास्त चढली आणि किनाऱ्यावरच्या वस्त्या पाण्यात गेल्या. मिशिगन-ह्युरॉनने जानेवारी २०१३ मध्ये नोंदीतली नीचांकी पातळी गाठली तेव्हा बोटींचे धक्के कोरडे पडले आणि सरोवर चाललं अशी हाकाटी झाली. सात वर्षांनी, २०२० मध्ये, तेच पाणी जवळपास दोन मीटर वर होतं आणि लोक घरं वाचवायला किनाऱ्यावर दगड टाकत होते.